गावात व्यायाम कधी करावा: उन्हाचा, वावराचा आणि रस्त्याचा हिशेब

पहाटे पाचला उठून पळायला जा, हा सल्ला आपल्याकडे मे महिन्यात मिळतो आणि जानेवारीतही मिळतो. मे महिन्यात तो बरोबर आहे. जानेवारीत मात्र पाच वाजता सूर्य उगवायला जवळपास दोन तास बाकी असतात, अंग आखडलेलं असतं, रस्त्यावर मिट्ट काळोख असतो आणि त्या काळोखातून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या असतात. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावात राहणाऱ्या माणसाला बारा महिने एकच वेळ पुरत नाही. वर्षातून तीन-चारदा ती सरकवावी लागते. कधी आणि कशी सरकवायची, ते इथे क्रमाने सांगतो.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. कोरडवाहू कास्तकाराचं वावरातलं काम फेब्रुवारीनंतर ओसरतं. कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर-हरभरा घरात आला की जूनपर्यंत अंगाला हालचाल कमी. वजन, शुगर आणि कंबरदुखी याच महिन्यांत वाढते. आणि याच महिन्यांत पारा ४५ च्या पुढे जातो. २०२४ च्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यात उष्णतेमुळे कलम १४४ लावावं लागलं होतं. म्हणजे व्यायामाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच बाहेर पडायला जागा सगळ्यात कमी असते. विदर्भात वेळ निवडायची ती हे धरूनच.

शरीराचं घड्याळ काय म्हणतं

हे थोडक्यात आटोपतो, कारण यावर लोक गरजेपेक्षा जास्त वाद घालतात. शरीराचं आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं आणि दुपारी चार ते संध्याकाळी सातच्या दरम्यान सगळ्यात जास्त. त्यामुळे संध्याकाळी स्नायू मोकळे असतात, ताकद आणि वेग किंचित जास्त मिळतो. सकाळी अंग तापायला वेळ लागतो, पण सकाळच्या व्यायामात खंड कमी पडतो, कारण पाहुणे, लग्नं आणि ग्रामसभा सहसा सकाळी सहाला नसतात. शिवाय शरीर सवयीने वळतं. काही आठवडे रोज सकाळीच सराव केला की सकाळची ढिलाई बरीचशी भरून निघते. वजन कमी करायला सकाळ बरी की संध्याकाळ, यात फरक इतका किरकोळ आहे की त्यापायी झोप मोडू नये.

पहिली पायरी: आठवडा लिहून काढा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा मुलाच्या जुन्या वहीत एक आठवडा जसा जातो तसा लिहा. किती वाजता उठलो, गुरांचं कधी केलं, दूध कधी घातलं, वावरात कधी गेलो, जेवण कधी, झोप कधी. रब्बीत ओलिताची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असेल तर तेही लिहा. वेळ शोधताना तासभर मोकळा शोधू नका. पंधरा-वीस मिनिटांच्या फटी शोधा, त्या प्रत्येक घरात निघतात.

किती व्यायाम लागतो, याचा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा आकडा असा: मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस तरी ताकदीचा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. दिवसाला तीन वेळा दहा-दहा मिनिटं केली तरी ती मोजली जातात.

आता नेहमीचा प्रश्न. दिवसभर वावरात राबणाऱ्याला व्यायाम काहून पाहिजे? निंदण, डवरणी, धानाची रोवणी, सोयाबीनची सोंगणी ही श्रमाची कामंच आहेत, आणि ती चालू असतात त्या आठवड्यांत तुमची १५० मिनिटं केव्हाच भरून जातात. तेव्हा वेगळं चालायला जायची गरज नाही. मात्र ही कामं एकाच बाजूची आहेत, कंबर पुढे वाकलेली ती वाकलेलीच. या दिवसांत व्यायाम म्हणजे संध्याकाळी हातपाय धुतल्यावर दहा मिनिटं पाठ मागे नेणं, मांड्या ताणणं, खांदे फिरवणं. बस. शिक्षक, ग्रामसेवक, किराणा दुकानदार आणि ट्रॅक्टर आल्यापासून नुसतं धुऱ्यावर उभं राहणारे मालक यांना ही सूट नाही.

बायकांचं कॅलेंडर वेगळं लिहावं लागेल. सडा, पाणी, चहा, गुरं, पोरांचे डबे, आणि आठच्या आत मजुरीची गाडी. त्यांना सकाळचा व्यायाम सांगणं म्हणजे चार वाजता उठायला सांगणं आहे, आणि सहा तासांची झोप पाच तासांवर आणून केलेला व्यायाम अंगी लागत नाही. त्यांच्यासाठी मला दोन फटी बऱ्या वाटतात. एक, वावरातून आल्यानंतर आणि चूल पेटवायच्या आधी, अंगणात किंवा शाळेच्या मैदानावर, दोघी-तिघी मिळून. दुसरी, रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली. बचत गटाची बैठक असते त्या दिवशी सगळ्या जमतातच, तेव्हा बैठकीआधीची पंधरा मिनिटं ठरवून टाका. एकटी चालली तर गाव विचारतं, पाच जणी चालल्या तर सहावी येऊन मिळते.

दुसरी पायरी: व्यायाम कशासाठी, ते ठरवा

शुगर असेल तर वेळ जेवणाला बांधा. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं चाललं की जेवणामुळे चढणारी साखर कमी चढते. याला ना मैदान लागतं ना बूट. दुपारच्या उन्हात बाहेर जायचं नाही, ओसरीतच फेऱ्या मारायच्या. तिन्ही जेवणांनंतर जमलं नाही तर निदान रात्रीच्या जेवणानंतर, कारण आपल्याकडे सगळ्यात जड जेवण तेच असतं आणि त्यानंतर माणूस सरळ खाटेवर जातो.

ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर कडाक्याच्या थंडीत उठल्याउठल्या जोराचा व्यायाम नको. उठल्यानंतरच्या तासांत रक्तदाब तसाही चढत असतो आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळात जास्त येतात. सकाळ टाळायचीच असं नाही. उठल्यावर तासभर जाऊ द्या, पहिली दहा मिनिटं सावकाश चाला, मग वेग वाढवा.

झोप लागत नसेल तर दमवणारा व्यायाम झोपायच्या किमान दोन तास आधी संपवा. नुसतं चालणं रात्री नऊला केलं तरी बिघडत नाही.

गुडघे आणि कंबर दुखत असेल तर अंग तापलेलं असतं ती वेळ बरी, म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळी चार-पाच. सकाळीच करायचं असेल तर आंघोळीच्या गरम पाण्यानंतर.

तिसरी पायरी: ऊन आणि पाऊस बघून वेळ बसवा

नागपूरला जूनमध्ये सूर्य साधारण साडेपाचला उगवतो आणि सातला मावळतो. जानेवारीच्या सुरुवातीला उगवायला पावणेसात होऊन जातात आणि मावळतो पावणेसहाच्या आतच. विदर्भ आडवा लांब आहे, गडचिरोली आणि बुलढाण्याच्या सूर्योदयात पंधरा मिनिटांचा फरक पडतो. म्हणून "सहा वाजता" असं ठरवू नका. "उजाडल्यावर", "मावळायच्या आधी" असं ठरवा. गावात वेळ आपोआप सांगणारी गोष्ट असेल तर तिला व्यायाम बांधावा: दूध डेअरीवर घातलं की, किंवा गुरुदेव सेवा मंडळाचं सकाळचं ध्यान सुटलं की.

उन्हाळा, म्हणजे एप्रिल ते मृगापर्यंत. हा काळ नीट समजून घ्या. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्य उगवायच्या सुमाराला असतं आणि सगळ्यात जास्त दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान. लोकांचा घोटाळा संध्याकाळबद्दल होतो. ऊन कललं म्हणजे थंड झालं असं वाटतं, पण मे महिन्यात संध्याकाळी सहालाही पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि दिवसभर तापलेला डांबरी रस्ता, सिमेंटचा रस्ता, घराच्या भिंती खालून-बाजूने उष्णता फेकत असतात. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी पाच ते सात ही वेळ चालायलाही नको. बाहेरचा व्यायाम झुंजूमुंजू झाल्यापासून साडेसहापर्यंत, फार तर पावणेसात. नवतप्यात, म्हणजे २५ मे च्या सुमारापासूनच्या नऊ दिवसांत, पहाटेही पारा पुष्कळदा तिशीच्या आसपासच असतो. तेव्हा वेळ निम्मी करा.

माझा साधा ठोकताळा आहे. निघताना मोबाईल ३५ च्या वर दाखवत असेल तर नेहमीच्या निम्मं, ३८ च्या वर असेल तर घरातच. घरात करतानाही एक गोष्ट पाहा. दारं-खिडक्या लावून कुलरसमोर व्यायाम करू नका. कोंडलेल्या खोलीत कुलर ओल वाढवतो, घाम वाळत नाही आणि अंग आतून तापतं. कुलर चालू असेल तर समोरची खिडकी उघडी हवी. टिनाचं घर सूर्य मावळल्यावर लवकर निवतं, स्लॅबचं घर अर्ध्या रात्रीपर्यंत तापलेलं राहतं. स्लॅबवाल्यांना पहाटेची गच्चीच बरी. ग्रामपंचायतीने बसवलेली ओपन जिम असेल तर तिचे लोखंडी दांडे एप्रिल-मे मध्ये दिवसभर हात भाजतील इतके तापतात, तिथे जायचं तर उजाडल्याबरोबर.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मार्चच्या शेवटी पारा एकदम चढतो तेव्हा त्या आठवड्यात वेग आणि वेळ दोन्ही कमी करा, मग हळूहळू पूर्ववत आणा. पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेल्या पोरांना हे मुद्दाम सांगा, ती पहिल्याच दिवशी काकासोबत पळायला निघतात. निघायच्या आधी दोन पेले पाणी, आल्यावर मिठाचं ताक, आंबील नाहीतर लिंबूपाणी. मूत्रपिंडाचा त्रास किंवा ब्लडप्रेशर असलेल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून. लघवी गडद पिवळी होत असेल तर त्या दिवशी पळणं नाही, आधी पाणी.

ऊन लागल्याची खूण लक्षात ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे इथपर्यंत सावली, पाणी आणि आराम पुरतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग चटका बसेल असं तापलं तर तो दवाखान्याचा रुग्ण आहे. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट पाहत बसू नका, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला ओली फडकी लावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळ्यात वेळ पुन्हा बदलते. वीज पडण्याचे प्रकार आपल्याकडे बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी होतात, कारण दिवसभराच्या उष्णतेनंतर ढग जमतात. म्हणून जून ते सप्टेंबर मोकळ्या मैदानावरचा व्यायाम सकाळचाच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाईलमध्ये ठेवा, आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. गडगडाट ऐकू आला की मैदान सोडा, आणि झाडाखाली थांबू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पारा खाली असतो तरी हवेत ओल इतकी असते की घाम वाळत नाही. त्यामुळे हवा थंड आहे म्हणून जास्त पळायला जाऊ नका.

कपाशी-सोयाबीनच्या फवारणीचे दिवस याच काळात येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे कोणी विसरलेलं नाही. ज्या पांदणीने तुम्ही फिरायला जाता तिच्या कडेला फवारा चालू असेल किंवा नुकताच झाला असेल तर दुसरी वाट धरा. स्वतः फवारून आलात तर त्या दिवशी व्यायाम नाही. आंघोळ, कपडे वेगळे, आराम.

ऑक्टोबरचं ऊन आणि सोंगणी एकदमच येतात. त्याबद्दल वर सांगितलंच.

हिवाळा हाच खरा व्यायाम वाढवायचा हंगाम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेपाच या दोन्ही वेळा चांगल्या. त्याआधी पहाटे नको, कारण थंड हवा जमिनीलगत बसते आणि चुलींचा, पेटवलेल्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा), शेकोट्यांचा धूर तिच्यात अडकून राहतो. ऊन वर आलं की तो विरतो. कोराडी-खापरखेडा, चंद्रपूर अशा वीज केंद्रांजवळच्या गावांत हे आणखी पाळा. दमा असणाऱ्यांनी तर आठच्या आत बाहेर पडूच नये, आणि नाका-तोंडावर दुपट्टा बांधूनच निघावं.

चौथी पायरी: ज्या जागी जाता ती त्या वेळेला सुरक्षित आहे का

गावात वेळ आणि जागा एकमेकींना बांधलेल्या असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान सकाळी साडेनऊनंतर तुमचं नसतं. पांदण पावसाळ्यात चिखलाची असते. मग उरतो डांबरी रस्ता, आणि तिथेच धोका आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली–आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ पहाटे रस्त्याच्या कडेला व्यायाम करणाऱ्या मुलांवर ट्रक गेला आणि चार मुलं दगावली. मला विचाराल तर राज्य आणि राष्ट्रीय महामार्गावर उजाडायच्या आधी व्यायाम करूच नये, कितीही सवय असली तरी. दुसरा रस्ताच नसेल तर वाहनं समोरून येतील अशा उजव्या बाजूने चाला, पांढरा किंवा चमकणारी पट्टी असलेला शर्ट घाला, कानात गाणी नकोत, आणि रस्त्यावर बसून सूर्यनमस्कार-दंड तर कधीच नकोत.

साप अंधाराचे आहेत. मण्यार रात्री फिरतो, घोणस संध्याकाळी आणि रात्री, आणि थंडीत सकाळच्या कोवळ्या उन्हात धुऱ्यावर शेकत पडलेला दिसतो. पांदणीने जायचं तर बूट आणि बॅटरी हवीच, चप्पल चालणार नाही. चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. हात किंवा पाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथे सापाच्या विषावरची लस मिळते.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या पट्ट्यात आणि जंगलालगतच्या कोणत्याही गावात वाघ-बिबट्याचा विचार करूनच वेळ ठरवा. चांगलं उजाडल्याशिवाय आणि सूर्य मावळल्यावर जंगलाच्या बाजूच्या वाटेने नको. खाली बसलेला, वाकलेला माणूस जनावराला सावज वाटू शकतो, त्यामुळे बैठका आणि आसनं गावठाणाच्या आत, मंदिरापुढे किंवा शाळेत. तिथल्या लोकांसाठी हिवाळ्यात आठ-नऊ आणि उन्हाळ्यात सहा ते पावणेसात हाच सगळ्यात भरवशाचा काळ. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर पिकांच्या दिवसांत वाटेवर येतात, मोकाट कुत्री तर बारा महिने. हातात काठी असू द्या.

पाचवी पायरी: पोट आणि गोळ्या

जड जेवणानंतर दोन-तीन तास जोराचा व्यायाम नको, शतपावली चालते. सकाळी उपाशी पोटी चाललं तर निरोगी माणसाला काही होत नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशी पोटी लांब चालताना साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणं, घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची खूण. अशा माणसाने काहीतरी खाऊन निघावं आणि खिशात साखर ठेवावी. त्रास वाटला की तीन चमचे साखर किंवा तेवढा गूळ लगेच खायचा. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रोजे या दिवसांत नुसतं हलकं चालणं, तेही खायच्या वेळेच्या जवळ. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी लवकर कमी होतं, डॉक्टरांना ते सांगा. तिशीनंतर उपकेंद्रात शुगर आणि ब्लडप्रेशरची तपासणी फुकट होते, व्यायाम सुरू करायच्या आधी आशाताईंना सांगून ती करून घ्या.

आता विदर्भाची खास गोष्ट, जी बाहेरच्या लेखांत सहसा सापडत नाही. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटात हा आजार कितीतरी घरांत आहे. अंगातलं पाणी कमी झालं, अती दमछाक झाली, कडक थंडी किंवा ऊन लागलं की रुग्णाच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून एसएस असलेल्याने, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णाने, तापमानाच्या दोन्ही टोकांच्या, म्हणजे कडक थंडीच्या पहाटे आणि उन्हाच्या, वेळा टाळायच्या. हिवाळ्यात ऊन चढल्यावर, उन्हाळ्यात पहाटे, नेहमी दम न लागेल इतकंच, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी. वाहकाला, म्हणजे एएस असलेल्याला, रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही. मात्र उन्हात, पाणी न पिता, न थांबता जीव तोडून पळालं तर त्याचेही स्नायू निकामी होऊन तो कोसळू शकतो. आपण वाहक आहोत की नाही हे पुष्कळांना माहीतच नसतं. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

भरतीच्या पोरांसाठी वेगळं

गावोगावच्या मैदानांवर खरी गर्दी पोलीस भरतीवाल्यांची आहे. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण: मुलांना १६०० मीटर धावणे २०, मुलींना ८०० मीटर २०, आणि दोघांनाही १०० मीटर १५, गोळाफेक १५. ही चाचणी बहुतेक ठिकाणी भल्या सकाळी सुरू होते. शरीर ज्या वेळेला सराव करतं त्या वेळेला जास्त चांगलं चालतं, हे वर सांगितलं. त्यामुळे चाचणीच्या तारखेआधीचे चार-पाच आठवडे मुख्य सराव सकाळीच करा, जरी संध्याकाळी तुमचा वेळ दोन-चार सेकंदांनी चांगला येत असला तरी. त्याआधीच्या महिन्यांत उलटं चालेल: हिवाळ्यात वेगाचे फेरे आणि गोळाफेक संध्याकाळी साडेचारला, अंग तापलेलं असताना, आणि सकाळी लांब पण सावकाश धावणं.

आठवड्यातून दोन किंवा तीनच दिवस जोराचे ठेवा. रोज पहाटे १६०० मीटर पूर्ण ताकदीने पळणारा मुलगा दोन महिन्यांत नडगी धरून बसतो. सकाळी पहिली पंधरा मिनिटं जॉगिंग आणि अंग मोकळं करणं, हिवाळ्यात वीस. रात्री अकरापर्यंत मोबाईल आणि पहाटे चारला मैदान हे गणित जमत नाही. पहाटे पाचला उठायचं तर रात्री दहाच्या आत झोप. भरतीचं वेळापत्रक उन्हाळ्यात आलं तर पाणी आणि सिकलसेलबद्दल जे लिहिलं ते सगळं तुम्हालाच आहे, तपासणी करून घ्या आणि वाहक असाल तर प्रशिक्षकाला सांगा. यात लपवण्यासारखं काही नाही.

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. तेव्हाच्या तालमींतही माणसं सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येत. मोठ्यांना "सकाळीच व्यायाम" हा नियम कुठून मिळाला, कोण जाणे.

सहावी पायरी: दोन वेळा तपासून पाहा, मग एक पक्की करा

वर सांगितलेल्यातून तुमच्या महिन्याला, कामाला आणि जागेला बसणाऱ्या दोन वेळा निवडा. पहिली दोन आठवडे पाळा, मग दुसरी दोन आठवडे. रोज तीन गोष्टी कॅलेंडरवर खुणेने लिहा: व्यायाम झाला की बुडाला, झोप कशी लागली, दुसऱ्या दिवशी अंग हलकं होतं की जड. शुगर असेल तर आठवड्यातून एकदा एकाच वेळेला तपासलेला आकडा. जिच्यात बुडालेले दिवस कमी ती वेळ तुमची, मग ती अंगाला थोडी कमी मानवली तरी. पळून पाहिल्यावर संध्याकाळ छान वाटते, पण आठवड्यात तीनदा बुडते, असं असेल तर सकाळ घ्या.

सोबत एक पर्यायी वेळ आधीच ठरवून ठेवा. सकाळ चुकली तर रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं, एवढं पुरतं. लाईनच्या रात्रपाळीचा आठवडा आला तर पहाटेचा व्यायाम सोडून द्या. आधी झोप पूर्ण करा, मग उन्हं कलताना हलकं चाला. जागरण आणि जोराचा व्यायाम एकाच दिवशी नको.

हंगाम बदलताना वेळ एका रात्रीत बदलू नका. मार्चच्या मध्यापासून दर दोन-तीन दिवसांनी उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा, झोपायचीही तेवढीच. एप्रिल लागेपर्यंत तुम्ही साडेसातवरून पहाटेवर आलेले असता आणि जाणवतही नाही. दिवाळीनंतर हेच उलटं, पंधरा-पंधरा मिनिटं पुढे.

मृगाचा पाऊस पडून पेरणीची लगबग सुरू झाली की त्या आठ-दहा दिवसांत व्यायामाला वेळ शोधू नका, सापडणार नाही. बियाणं, खत, तिफण आणि मजूर यातच अंग पुरेसं हलतं. रात्री झोपण्याआधी पाठ तेवढी ताणून घ्या. पेरणी आटोपली की चांगलं उजाडल्यावर, सकाळी सहाच्या पुढे, शाळेच्या मैदानाची फेरी पुन्हा धरा. तोवर शाळा उघडलेली असते, पण पोरं यायला तीन तास बाकी असतात.